पिप्पीची गोष्ट आणि ती सांगणारी आई

मुलांच्या पुस्तकांत काय काय असतं! एका हातानं घोडा उचलणारी मुलगी असते, जंगलात वाढलेली दरोडेखोराची लेक असते, मरणानंतरच्या देशात भेटणारे भाऊ असतात. हे लिहिणाऱ्याला सुचतं कुठून, असं मुलं आपल्याला विचारतात. आज आपण स्वीडन देशातल्या एका लेखिकेच्या आयुष्यात त्याचं उत्तर शोधू या. तिचं नाव आस्ट्रिड लिंडग्रेन. तिची पुस्तकं शंभराहून जास्त भाषांत गेली आहेत.

आस्ट्रिडचा जन्म १९०७ सालचा, विमर्बी गावाजवळच्या नेस नावाच्या शेतावरचा. वडील खंडानं शेती करायचे. चार भावंडं. कामाच्या वेळी शेतात सलगमाची विरळणी करायची आणि उरलेल्या वेळी झाडांवर चढायचं, गवताच्या गंजीत लपायचं, अंधार पडेपर्यंत खेळायचं. पहिली गोष्ट तिला पुस्तकातून मिळाली नाही. त्यांच्या गोठ्यावर काम करणाऱ्या गड्याच्या घरी, चुलीपाशी, त्याच्या मुलीनं तिला एका राक्षसाची आणि परीची गोष्ट वाचून दाखवली. त्या स्वयंपाकघराची आठवण आस्ट्रिड म्हातारपणीही काढत असे. गरिबाचं घर, लहानशी खोली, आणि त्यात परीचा अख्खा देश उतरलेला! पुढे तिच्या पुस्तकांत हेच सतत दिसतं. जादूच्या देशाचं दार साध्यासुध्या घरातच उघडतं.

शाळा संपल्यावर ती गावातल्या वर्तमानपत्रात शिकाऊ म्हणून लागली. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले. मुलाचा बाप त्याच वर्तमानपत्राचा संपादक होता, वयानं खूप मोठा आणि बायकामुलं असलेला. त्याच्याशी लग्न करायला तिनं नकार दिला. शंभर वर्षांपूर्वीचं ते लहान गाव. लोक काय बोलले असतील, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. ती स्टॉकहोमला गेली, शॉर्टहँड आणि टायपिंग शिकली. बाळंतपणासाठी शेजारच्या डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला गेली, कारण तिथल्या एका इस्पितळात बापाचं नाव सांगायची सक्ती नव्हती. डिसेंबर १९२६ मध्ये मुलगा झाला, लासे. त्याला तिथल्याच एका प्रेमळ बाईकडे सांभाळायला ठेवून ती नोकरीसाठी स्टॉकहोमला परतली. तुटपुंज्या पगारातून पैसे बाजूला टाकायची आणि तिकिटाइतके साठले की रेल्वेनं मुलाला भेटायला जायची. अशी तीन वर्षं गेली. सांभाळणारी बाई आजारी पडली, तेव्हा १९३० साली तिनं लासेला परत आणलं. पुढच्या वर्षी स्टुरे लिंडग्रेन यांच्याशी लग्न झालं आणि १९३४ मध्ये कारिन ही मुलगी झाली.

आपल्या आईची वाट बघणारं मूल कसं असतं, हे या बाईला पुस्तकात वाचावं लागलं नाही. आस्ट्रिडबाईंच्या गोष्टींत एकटी मुलं फार भेटतात, त्याचं मूळ वाचणाऱ्याला इथे दिसतं.

आता पिप्पीची गोष्ट. १९४१ च्या हिवाळ्यात सात वर्षांची कारिन न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली होती. आईला म्हणाली, मला पिप्पी लाँगस्ट्रम्पची गोष्ट सांग. हे लांबलचक नाव तिनं त्याच क्षणी बनवलं होतं. ‘ही कोण?’ असं न विचारता आईनं गोष्ट सुरू केली. नाव विचित्र, म्हणून मुलगीही विचित्र. नऊ वर्षांची, लाल वेण्यांची, घोडा आणि माकड यांच्यासोबत एकटी राहणारी, सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी जवळ असलेली, आणि भल्याभल्या पहिलवानांना भारी पडणारी. ताकद एवढी, पण दुबळ्यावर हात कधी उगारणार नाही.

तीन वर्षं ही गोष्ट फक्त तोंडी चालली. मार्च १९४४ मध्ये आस्ट्रिडबाई बर्फावरून घसरल्या, पाय मुरगळला आणि झोपून राहावं लागलं. तेव्हा त्यांनी पिप्पी शॉर्टहँडमध्ये उतरवली आणि मे महिन्यात कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला भेट दिली. एक प्रत बॉनियर या मोठ्या प्रकाशकांकडे पाठवली, ती साभार परत आली. त्यांनी ती पुन्हा तपासली, सुधारली आणि १९४५ मध्ये राबेन आणि शेग्रेन या छोट्या प्रकाशनाच्या स्पर्धेत पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या.

पुढे त्याच प्रकाशनात त्यांनी १९४६ ते १९७० नोकरी केली. सकाळी अंथरुणातच बसून शॉर्टहँडमध्ये लिहायचं, दुपारी कचेरीत जाऊन दुसऱ्यांची पुस्तकं तपासायची. पोटासाठी शिकलेलं शॉर्टहँड असं जन्मभर कामी आलं. त्यांच्या साडेसहाशेहून जास्त वह्या स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

बाकीच्या गोष्टीही अशाच डोळ्यांसमोरून आल्या. स्टॉकहोमच्या एका बागेत बाकावर एकटाच बसलेला मुलगा त्यांना दिसला. त्यातून ‘मियो, माझा मियो’ हे पुस्तक झालं. त्यात दत्तक घरात प्रेमाला पारखा झालेला मुलगा दूरदेशी जातो आणि तिथला राजा त्याचा बाप निघतो. विमर्बीच्या दफनभूमीत १८६० साली वारलेल्या दोन लहान भावांच्या नावाचा लोखंडी क्रूस त्यांनी पाहिला. मुलांना मरणाबद्दल काय सांगायचं, हा विचार त्यांच्या मनात घोळत राहिला आणि १९७३ मध्ये दोन भावांची ‘ब्रदर्स लायनहार्ट’ ही कादंबरी आली. मुलांसमोर मरणाचं नाव काढू नये असं वाटणारे मोठे लोक त्यावर रागावले. मुलं मात्र वाचत राहिली.

मुलांची बाजू त्यांनी पुस्तकाबाहेरही घेतली. १९७८ मध्ये जर्मनीत त्यांना मोठा शांतता पुरस्कार मिळाला. भाषण न करता पुरस्कार घ्या, असं संयोजकांनी सुचवलं, तेव्हा भाषण नाही तर मी येणार नाही, असं त्यांनी कळवलं. त्या भाषणात त्यांनी एका आईची हकिकत सांगितली. मुलाला मारायला तिनं त्यालाच छडी शोधून आणायला पाठवलं. तो रडत परतला. छडी मिळाली नाही, म्हणून आईनं आपल्याला फेकून मारावा यासाठी त्यानं दगड आणला होता. आई दुखावूच पाहते आहे, तर दगडानंही चालेल, असं त्याला वाटलं. आईनं त्याला पोटाशी धरलं आणि तो दगड स्वयंपाकघरात फळीवर ठेवून दिला, आपल्यालाच आठवण राहावी म्हणून. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, आईवडिलांनीही मुलांना मारू नये असा कायदा करणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला.

आस्ट्रिडबाई जानेवारी २००२ मध्ये वारल्या. त्याच वर्षी स्वीडन सरकारनं त्यांच्या नावे बालसाहित्याचा पुरस्कार सुरू केला.

तर मैत्रिणींनो, सुचतं कुठून, याचं उत्तर असं आहे. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतून, सोसलेल्या दिवसांतून, आणि मूल बोलतं ते कान देऊन ऐकण्यातून. पिप्पी हे नाव आजारी मुलीनं दिलं होतं. आईनं ते हसण्यावारी नेलं नाही, एवढ्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं. आपली मुलंही असली नावं रोज काढतात. आज रात्री भाकरी टाकता टाकता त्यातलं एखादं पकडा, आणि विचारा, ‘बरं, मग ती काय करते?’ उरलेली गोष्ट मूलच सांगेल.