फिरणाऱ्या भागांची नावे जाणून घ्या

चिखलणीच्या ऐन दिवसांत पॉवर टिलर बंद पडतो. राजापूर तालुक्यातील दूरच्या वाडीवरचा शेतकरी भर पावसात बाजारपेठेत येतो आणि "चाकाच्या मधला तो गोल तुकडा द्या" असे सांगतो. हवा असतो बूश, मिळते बेअरिंग. पुन्हा खेप पडते, दिवस वाया जातो आणि इकडे तरवा जून होत जातो. शेतकरी बंधूंनी फिरणाऱ्या भागांची नावे नीट समजून घेतल्यास असे हेलपाटे वाचतात.

जुनी नावे, नवी यंत्रे

बैलगाडी आणि रहाट आता कमी दिसत असले तरी त्यांची नावे आजही उपयोगी आहेत. चाकाच्या मधोमध असतो तो तुंबा. तुंब्यातून बाहेर जातात ते आरे. आरे ज्यात बसतात तो घेर आणि त्यावर चढविलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. तुंब्यातून जाणारा दांडा म्हणजे आस. यंत्रांच्या दुकानात तुंब्याला हब, घेराला रिम, तर फिरत्या दांड्याला शाफ्ट म्हणतात. पुली शाफ्टवर नुसतीच फिरू नये म्हणून दोहोंच्या खाचेत बसविलेला लोखंडी तुकडा म्हणजे चावी.

आस फिरतो की चाक?

बैलगाडीचा आस स्थिर असतो व चाक त्यावर फिरते. त्यामुळे झीज तुंब्याच्या आतील बाजूस होते आणि वंगण तेथेच द्यावे लागते. याउलट पंपाचा पंखा शाफ्टला घट्ट बसविलेला असून दोन्ही एकत्र फिरतात. येथे झीज शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगची किंवा बूशची होते. आवाज किंवा थरथर जाणवल्यास प्रथम तेथे पाहावे.

मापे कशी सांगावीत?

१) पुली घेताना बाहेरील व्यास, मधल्या भोकाचा व्यास, खाचांची संख्या व चावीच्या खाचेची रुंदी लिहून न्यावी. शक्य असल्यास जुना भागच सोबत न्यावा.

२) व्ही-पट्ट्यावरील अक्षर व आकडा पाहावा. बी-५२ मधील 'बी' हा पट्ट्याच्या रुंदी-जाडीचा गट असून ५२ ही आतील लांबी इंचांत आहे.

३) पुली बदलताना वेगाचा हिशेब करावा. इंजिनाच्या पुलीचा व्यास व तिचे मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकाराला यंत्राच्या पुलीच्या व्यासाने भागावे. इंजिनाची ६ इंची पुली १५०० फेरे घेत असेल, तर यंत्राची ९ इंची पुली सुमारे १००० फेरे घेईल.

४) दिशा सांगताना आपण कोणत्या बाजूस उभे आहोत हेही सांगावे. एका बाजूने जे चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसते, ते दुसऱ्या बाजूने उलटे दिसते. पंपावरील बाण पाहून खात्री करावी. पंप उलटा फिरल्यास पाणी कमी येते. थ्री फेज मोटरच्या कोणत्याही दोन फेज अदलाबदल केल्यास दिशा बदलते. हे काम वीजपुरवठा बंद करून जाणकाराकडूनच करून घ्यावे.

सावधगिरी

तुंबा आणि घेर मिनिटाला सारखेच फेरे घेतात, परंतु घेराला प्रत्येक फेऱ्यात जास्त अंतर कापावे लागते. म्हणून बाहेरील कडेचा वेग अधिक असतो. वरील उदाहरणातील पट्टा ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने धावतो. त्यात टॉवेल, पदर किंवा सदऱ्याची बाही सापडल्यास हात मागे घेण्यास वेळ मिळत नाही. पट्ट्यावर जाळी बसवावी. यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय पट्टा चढवू अगर काढू नये.

पावसाळ्यापूर्वी आपल्या यंत्राच्या भागांची नावे व मापे एका वहीत टिपून ठेवावीत. ऐन हंगामात ही वही एका खेपेत काम भागवील.