वर्षभर पडून असलेला पॉवर टिलर सुरू होईना? दोरी ओढण्याआधी टाकी रिकामी करा

मोहाडी : पऱ्हे रोवणीला आले, बांधीत पाणी साचलं आणि नेमका गोठ्यात पडून असलेला पेट्रोल पॉवर टिलर सुरू होईना. धानाचे पऱ्हे जुने झाले की फुटवे कमी येतात, त्यामुळे रोवणीच्या दिवसांत एकेक दिवस मोलाचा. त्यात सगळ्यांची घाई एकाच वेळी, मेकॅनिकही लवकर सापडत नाही. पण अशा वेळी बिघाड बहुधा इंजिनात नसतो. तो टाकीत राहिलेल्या जुन्या पेट्रोलमध्ये असतो.

पेट्रोल खराब कसं होतं?

पेट्रोलमधला हलका भाग काही महिन्यांत उडून जातो. उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेटचं छिद्र एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, म्हणजे थोडा थरही पुरेसा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पाणी वाढलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि इंजिनाकडे आधी तोच जातो.

कोणत्या क्रमानं तपासायचं?

१. ऑइल : पातळी पाहा. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

२. पेट्रोल : टाकी पूर्ण रिकामी करा. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून त्यातलंही काढा. मग अर्धा लिटर ताजं पेट्रोल भरा.

३. हवा : एअर फिल्टर उघडा. उंदरांनी घर केलेलं असू शकतं.

४. प्लग : काढून साफ करा, काळा किंवा झिजलेला असेल तर नवा बसवा. प्लग काढलेला असतानाच त्या छिद्रात ऑइलचे चार-पाच थेंब सोडा आणि दोरी हळू ओढा. इंजिन जाम असेल तर जोर लावू नका, मेकॅनिकला दाखवा.

५. सुरुवात : प्लग बसवा, कॉक उघडा, चोक लावा आणि दोरी ओढा. चालू झाल्यावर चोक हळूहळू काढा. सुरुवातीला थोडा धूर येईल, तो आत सोडलेल्या ऑइलचा. पाच-दहा मिनिटं लोडशिवाय चालवा आणि पेट्रोल कुठे गळत नाही ना, ते पाहा.

तरीही चोक काढताच बंद पडत असेल, तर जेट तुंबलेला समजा. तो काढून कार्बोरेटर क्लीनरनं धुवा. तार किंवा टाचणी घालू नका. छिद्र मोठं झालं तर पेट्रोल जास्त जातं.

डिझेल टिलर आणि एटीव्हीचं काय?

डिझेल इंजिनात प्लग किंवा कार्बोरेटर नसतो. तिथे टाकीच्या तळाचं पाणी काढा, फिल्टर बदला आणि पाइपातली हवा बाहेर काढा. रिसॉर्टवरच्या चारचाकी एटीव्हीला पेट्रोलचे नियम हेच. त्यात बॅटरी, ब्रेक आणि टायरमधली हवा तपासण्याची भर. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते; १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा.

हे टाळा

• तोंडानं नळी ओढून पेट्रोल काढू नका. ते फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेतू शकतं.
• बंद गोठ्यात इंजिन चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
• काढलेलं पेट्रोल धुऱ्यावर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणबंद डब्यात भरून गॅरेजवर द्या.

पुढच्या वर्षी ही वेळ येऊ नये म्हणून

हंगाम संपताच टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. चिखल धुवा, ऑइल बदला, यंत्र कोरड्या जागी झाकून ठेवा. हंगामाच्या शेवटी दिलेल्या या एका तासानं पुढच्या रोवणीचे दोन दिवस वाचतात.