वृद्ध निवडुंग

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. पावसाळ्यात येथील बांध्या पाण्याने भरतात व धान तरारून येते. परंतु तोच पाऊस अंगणातील कुंडीत असलेल्या निवडुंगाचा घात करतो. निवडुंगाचे मूळ घर अमेरिका खंडातील कोरड्या प्रदेशांत आहे. तेथे पाणी दुर्मीळ, म्हणून त्याची पाने आक्रसून काटे झाले. अन्न तयार करण्याचे व पाणी साठवण्याचे काम हिरवे खोडच करते. त्याची रंध्रे बहुधा रात्रीच्या गारव्यात उघडतात. त्यामुळे पाण्याची वाफ कमी होते.

निवडुंग जुना झाला, की त्याचे खोड बुंध्याशी तपकिरी व खरखरीत होते. झाड मेले असे समजून कित्येक जण ते उकिरड्यावर टाकतात. टाकण्यापूर्वी तो भाग काडीने दाबून पाहावा. टणक लागला, तर ती वार्धक्याची साल होय. मऊ व काळा असेल, तर तो कुजला आहे असे जाणावे.

खोड सुरकुतले, की झाड तहानले असे वाटते. पण माती ओली असूनही ते सुरकुतत असेल, तर मुळे कुजलेली असण्याचा संभव असतो. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. अशा वेळी आणखी पाणी घातले, तर झाड हातचे जाते.

त्याऐवजी हातांना गोणपाट गुंडाळून झाड अलगद बाहेर काढावे. काळी मुळे स्वच्छ चाकूने छाटून ते आठ-दहा दिवस सावलीत सुकू द्यावे. मग तळाला छिद्र असलेल्या कुंडीत माती, जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे मिसळून ते लावावे. आठवडाभर पाणी देऊ नये. बुंधाच कुजला असेल, तर वरचा निरोगी भाग कापून घ्यावा व जखम पूर्ण सुकल्यावर वाळूत रोवावा. काही आठवड्यांत त्याला नवी मुळे फुटू लागतात.

पुढे पावसाळ्यात कुंडी छपराखाली, उजेडात ठेवावी. वैशाखात तिला दुपारच्या उन्हापासून जपावे. हिवाळ्यात पाणी अगदी बेताने द्यावे. एरवीही माती पुरती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये. एवढे सांभाळले, तर आजोबांनी लावलेला निवडुंग नातवाच्या अंगणातही फुलतो.