आतड्यातील जीवाणू आणि मधुमेह

शाहजहानाबादेला, म्हणजे आजच्या जुन्या दिल्लीला, एके काळी भक्कम तट होता. तट बव्हंशी गेला. काश्मीरी, अजमेरी, तुर्कमान व दिल्ली हे दरवाजे मात्र अजून उभे आहेत. अशा दरवाजावरील पहारेकऱ्याचे काम वाटते तितके सोपे नसते. शत्रूला अडवायचे हे तर उघडच आहे. पण रोज पहाटे दूध, धान्य, भाजीपाला घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसांवरही त्याने तलवार उपसली, तर शहर शत्रूवाचूनच उपाशी मरेल. कोणावर धावून जायचे याइतकेच कोणाकडे काणाडोळा करायचा, हेही त्याला कळावे लागते. मनुष्याच्या आतड्यात हाच प्रश्न अहोरात्र उभा असतो; आणि तेथील पहाऱ्यात गोंधळ झाला, तर त्याचे पडसाद रक्तातील साखरेपर्यंत पोचू शकतात, असे गेल्या काही दशकांतील संशोधनावरून दिसू लागले आहे.

दिल्लीकरांना या विषयाचे अगत्य वाटावे असे कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के भरले. दिल्लीत ते १७.८ टक्के होते. म्हणजे बसच्या रांगेत सहा प्रौढ माणसे उभी असली, तर त्यांतील एकाला हा विकार असावयाचा. खाणे वाढले, चालणे कमी झाले, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण खोटे नाही. ते अपुरे आहे, एवढेच.

आतड्याचा तट पाहिला तर आश्चर्य वाटते. आपल्या अन्नमार्गाच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे दोन खोल्यांच्या लहानशा सरकारी घराएवढे आहे. आणि एवढ्या पसाऱ्याचे संरक्षण करणारी भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची आहे. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात व त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. भिंतीच्या एका बाजूला जीवाणूंची अफाट वस्ती, तर दुसऱ्या बाजूला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा फार मोठा भाग तळ देऊन बसलेला. शरीरातील जीवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी धरतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास आहेत. (जीवाणू पेशींच्या दसपट असतात, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते, तो जुना अंदाज आता टिकलेला नाही.) या साऱ्या वस्तीचे वजन मात्र जेमतेम पावशेरही भरत नाही.

ही वस्ती फुकट राहत नाही. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू हे मनुष्याला पचत नाहीत. पण काही जीवाणू ते आंबवून त्यांतून ब्यूटिरेट नावाचे एक आम्लद्रव्य तयार करतात. मोठ्या आतड्याच्या भिंतीतील पेशींचे हेच मुख्य इंधन. शिवाय २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की ब्यूटिरेटमुळे प्रतिकारयंत्रणेतील नियंत्रक पेशी, म्हणजे इतर सैनिकांना आवरून धरणाऱ्या पेशी, वाढीस लागतात. तेव्हा पहारेकऱ्यांना संयम शिकविण्याच्या कामी या परक्या रहिवाशांचाही हात असतो.

आता मधुमेहाकडे वळावयाचे, तर तो एक विकार नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या प्रकारात, जो बहुधा बालपणी वा तारुण्यात उद्भवतो, प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील बीटा पेशींवरच तुटून पडते. इन्शुलिन निर्माण करणाऱ्या याच त्या पेशी. त्या नष्ट झाल्या की बाहेरून इन्शुलिन घेतल्यावाचून रोगी जगू शकत नाही. असा मधुमेह आपोआप होणाऱ्या उंदरांची एक जात प्रयोगशाळेत पाळतात. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी या उंदरांतील प्रतिकारयंत्रणेचा एक दुवा काढून टाकला, तेव्हा त्यांना मधुमेह झाला नाही. परंतु तेच उंदीर पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढविले, तेव्हा तो झाला. आणि पुन्हा ठरावीक जीवाणू त्यांच्या आतड्यात सोडले, तेव्हा त्याचा जोर ओसरला. जीवाणू बचाव करू शकतात, याचा एवढा स्पष्ट पुरावा पूर्वी क्वचितच मिळाला होता.

माणसांत असे प्रयोग करता येत नाहीत. तेथे शेजारी राष्ट्रे उपयोगी पडतात. फिनलंडमध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. सीमेपलीकडे रशियातील करेलियात, वंशदृष्ट्या फारशा वेगळ्या नसलेल्या मुलांत, ते सुमारे सहापट कमी आढळले. मग फिनलंड, एस्टोनिया व रशियन करेलिया येथील प्रत्येकी ७४ बालके जन्मापासून तीन वर्षे तपासण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फिनलंड व एस्टोनियातील बालकांच्या आतड्यांत असे जीवाणू प्रबळ होते, की ज्यांच्या आवरणातील द्रव्य प्रतिकारयंत्रणेला जवळजवळ जागेच करीत नाही. करेलियातील बालकांच्या पहारेकऱ्यांना मात्र लहानपणीच कवायत मिळत होती. दिल्ली व चेन्नई येथील तरुण मधुमेह्यांच्या नोंदींवरून या दोन शहरांत वीस वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला सुमारे पाच नवे रोगी आढळतात. फिनलंडमधील आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. एवढ्यावरून अस्वच्छतेचे समर्थन कोणी करू नये. घाण पाण्याने होणारे अतिसार आपल्याकडे अजूनही मुलांचे बळी घेतात.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, जो दिल्लीत घरोघरी दिसतो, इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. येथे प्रतिकारयंत्रणेचा संबंध प्रथम १९९३ साली लक्षात आला. लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत दाह उत्पन्न करणारे एक द्रव्य सापडले, आणि ते इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते असे दिसले. हा दाह पेटतो कशाने? २००७ साली फ्रान्स-बेल्जियममधील संशोधकांनी उंदरांना चार आठवडे अतिस्निग्ध आहार दिला, तेव्हा जीवाणूंच्या आवरणातील विषद्रव्याचे रक्तातील प्रमाण दुप्पट-तिप्पट झाले. नुसते ते विषद्रव्य टोचले तरी उंदरांचे वजन वाढले व इन्शुलिनला मिळणारी दाद कमी झाली. तटाला मोठे भगदाड नव्हे, बारीक चिरा पडल्या होत्या. रोगाची लागण नव्हती, पण पहारा कायमचा बिथरलेला होता.

मधुमेही माणसांत हे कितपत लागू पडते, हे ठरविणे कठीण जाते. चीनमधील २०१२ च्या मोठ्या पाहणीत मधुमेह्यांच्या आतड्यांत ब्यूटिरेट करणारे जीवाणू कमी आढळले. पुढे २०१५ साली असे उघडकीस आले, की मेटफॉर्मिन हे नित्याचे औषधच आतड्यातील वस्तीत फेरफार करते. म्हणजे आधी रोगाच्या नावावर खर्ची टाकलेले काही बदल वस्तुतः औषधाचे होते. पुण्याच्या संशोधकांनी २०१७ साली ही अडचण ओळखून तीन गट तपासले: निरोगी, उपचार घेणारे, आणि नुकतेच निदान झालेले पण औषध न घेतलेले. मधुमेह्यांत जीवाणूंबरोबरच इतर सूक्ष्मजीवांतही फरक दिसला. गट लहान होते, पण मांडणी शहाणपणाची होती.

परदेशी मोजपट्टी येथे जशीच्या तशी लावता येत नाही, हे दिल्लीलगतच्या फरीदाबाद जिल्ह्यात दिसून आले. तेथील बल्लभगडचे आणि दूर लडाखातील लेहचे, शहरी व ग्रामीण मिळून ८४ निरोगी लोक तपासले गेले. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निरोगी असूनही त्यांच्या आतड्यांतील वस्ती प्रदेशागणिक व राहणीगणिक निराळी होती. निरोगी वस्ती कशी असते हेच जेथे एकविध नाही, तेथे बिघडलेली कोणती हे मल तपासून सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर किती भिस्त ठेवावी?

उपचारांची कहाणी अशीच सावध आहे. ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ माणसांच्या मलातील जीवाणू लठ्ठ पुरुषांच्या आतड्यात सोडले असता सहा आठवड्यांत इन्शुलिनला मिळणारी दाद सुधारली. पुढील प्रयोगात ती सुधारणा अठरा आठवड्यांपर्यंत टिकली नाही. जुनी वस्ती पुन्हा आपली जागा घेते. बाजारात जीवाणूंच्या पुड्या विकणारे हे सांगत नाहीत. अशा पुडीच्या भरवशावर पहिल्या प्रकारच्या रोग्याचे इन्शुलिन कोणी थांबविले, तर काही दिवसांतच त्याच्या प्राणाशी गाठ पडते.

आहाराचा पुरावा त्यामानाने बरा आहे. चीनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांना एकच औषध देऊन काहींना शिवाय भरपूर व विविध तंतुमय आहार दिला. बारा आठवड्यांनी तंतुमय आहार घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के रोग्यांची साखर अपेक्षित मर्यादेत आली, इतरांपैकी ५० टक्क्यांची. ब्यूटिरेट करणारे काही जीवाणू ज्यांच्यात विशेष वाढले, त्यांना गुण अधिक आला. बाजरी, जव, हरभरा, सालासकट डाळी हे हरियाणा-दिल्लीकडचे जुनेच अन्न. आता मात्र दिल्लीच्या ताटात मैद्याचे नान व भटुरे सर्रास येतात. गिरणीत निघालेला कोंडा जनावरांपुढे जातो, आणि मोठ्या आतड्यातील त्या रहिवाशांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.