पहिले 42 दिवस

मोतीबिंदू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजी-आजोबाच येतात. काळा चष्मा लावून शिबिरातून परतणारी जीपभर माणसं गावोगावी सगळ्यांनी पाहिली आहेत. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांना जोर आला. पाळण्यातल्या बाळालाही मोतीबिंदू असू शकतो, हे मात्र घराघरांत पोचायला फार वेळ लागला.

आजोबांची शस्त्रक्रिया वर्षभर लांबली तरी नंतर बहुधा दिसू लागतं. बाळाला ही सवलत नाही. बघायला मेंदू शिकतो, आणि त्याचं शिकण्याचं वय फार लवकर सरतं. शास्त्रज्ञ ह्युबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. त्यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं. जन्मजात दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत, दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवड्यांत काढावा, असं तज्ज्ञ सांगतात. ‘थोडा मोठा होऊ दे, मग बघू’ या घरगुती शहाणपणाची किंमत म्हणून इथे डोळा जातो.

त्या सहा आठवड्यांत डोळ्यांचे डॉक्टर बाळापर्यंत पोचणं कठीण. पोचू शकते ती गावातलीच बाई. 1990च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले बालमृत्यू झपाट्याने घटल्याचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 2005 मध्ये ‘आशा’ या गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या आल्या आणि 2011 पासून घरी जाऊन नवजात बाळाला तपासणं हे त्यांचं काम झालं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी भेटींचे दिवस ठरले: 3, 7, 14, 21, 28 आणि 42. म्हणजे बरोबर सहा आठवडे!

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदूला जागा मिळाली. प्रसूतीच्या ठिकाणी नर्स आणि डॉक्टरांनी, पहिले सहा आठवडे घरी आशांनी आणि पुढे अंगणवाडी-शाळेत फिरत्या पथकाने मुलांना तपासायचं, अशी साखळी ठरली. 2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झालेला रुबेला हे बाळाच्या मोतीबिंदूचं एक कारण. त्यामुळे त्या सुईने काही डोळेही वाचवले असणार.

मागे वळून पाहताना जाणवतं की सांगाडा उभा राहिला, पण शिकवणीत डोळ्याचा धडा अजून तोकडा आहे. आशांच्या नोंदपत्रात ‘डोळे सुजलेत का, पू येतो का’ हा प्रश्न असतो. ‘बाहुली काळी दिसते की पांढुरकी’ हा प्रश्नही तितक्याच ठळकपणे हवा. आईला विचारायचं, बाळ चेहऱ्याकडे बघतं का. आशांच्या टॉर्चला फक्त ठळक पांढरेपणा दिसेल. पुसट मोतीबिंदू टिपायला अंधाऱ्या खोलीत ऑप्थॅल्मोस्कोपमधून बाहुलीतली लाल चमक पाहावी लागते, आणि ते नर्स व डॉक्टरांनी प्रत्यक्ष करून शिकायला हवं. पांढरी बाहुली कधी डोळ्याच्या कर्करोगाचीही खूण असते, म्हणून थांबायचं नाही, हेही त्याच धड्यात यावं.

शस्त्रक्रियेनंतरचं काम आणखी चिवट असतं. जाड चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, वर्षानुवर्षांच्या फेऱ्या. बाळ चष्मा फेकतं, आई दमते, रोज बुडतो. अशा वेळी दार ठोठावणारी ओळखीची ताईच उपयोगी पडते. पण कामांच्या ओझ्याखाली दबलेल्या आशाताईवर आणखी एक काम लादायचं, तर त्याचा मोबदला आणि वरच्या दवाखान्यात तिच्या चिठ्ठीला मान, दोन्ही द्यायला हवेत.

आपल्या घरी तान्हं बाळ असेल तर आज त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या निरखून पाहा. पांढरं काही दिसलं तर बारशाची वाट पाहू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.