रंग चढण्याआधी

दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत कोणत्या पेशींनी ठाण मांडलंय, हे बेडका तपासूनही कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या-गुलाबी पेशी दिसल्या की कौतुक होतं ते रंगाचं. माझ्या मते ते चुकीच्या पत्त्यावर जातं.

रुग्णाला आधी श्वासनलिका सैल करणारं साल्ब्युटामॉल देतात आणि मग नेब्युलायझरमधून खारट पाण्याचे तुषार श्वासातून ओढायला लावतात. तो खोकून डबीत टाकतो त्यात बेडका थोडा, लाळच फार. तंत्रज्ञ चिमटा घेऊन त्यातल्या घट्ट, धुरकट गुठळ्या तेवढ्या वेचतो. हे सगळं दोनेक तासांत हातावेगळं करायचं, कारण पेशी खराब होऊ लागतात.

गुठळी तशीच काचेवर फासली, तर पेशी चिकट जाळ्यात अडकून एकमेकींवर चढतात. हे जाळं म्युसिन प्रथिनांचं असतं आणि गंधकाच्या अणूंमधल्या बंधांनी जखडलेलं असतं. डायथायोथ्रिटॉल हे रसायन नेमके हे बंध तोडतं. वास मात्र सडक्या अंड्याचा! पंधराएक मिनिटं हलवत ठेवलं की गुठळी पातळ होते. मग बारीक जाळीतून गाळायचं, पेशी मोजायच्या आणि द्रावण बेताचं पातळ करायचं. दाट राहिलं तर पेशींचा थर साचतो, फार पातळ झालं तर मोजायला काही उरत नाही.

त्यानंतर सायटोस्पिन. यंत्र गरगर फिरतं, पाणी टीपकागदात शोषलं जातं आणि पेशी काचेवर छोट्या गोलात पसरून चिकटतात. काच लगेच वाळवायची, नाहीतर पेशी आक्रसतात. मग पेशी पक्क्या करायला मिथेनॉल. त्यात पाण्याचा अंश शिरला तर पेशींवर खोटे ठिपके उमटतात. दमट हवेत बाटलीचं झाकण उघडं ठेवणं म्हणूनच महागात पडतं. एवढं झाल्यावर गिम्सासारखा रंग, आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे नारिंगी-गुलाबी दाणे उठून दिसतात.

इओसिनोफिलचं प्रमाण साधारण ३ टक्क्यांवर गेलं की ते जास्त मानतात. लेस्टरमधल्या ७४ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात दमा १०९ वेळा तीव्रपणे उफाळला. बेडक्यातल्या इओसिनोफिलवरून औषध ठरवलेल्या गटात ३५ वेळा.

मोजणी होते सुमारे ४०० पेशींची. तोंडातल्या सपाट पेशी त्यात धरत नाहीत. त्यांचीच भाऊगर्दी दिसली तर चिमट्याने लाळ उचलली असं समजायचं आणि काच बाद करायची, रंग कितीही छान बसलेला असो.