रक्ती आव आणि घरातील वडीलधारी माणसे

‘आव’ हा शब्द आपल्या बोलण्यात फार जुना आणि तितकाच सैल आहे. शौचावाटे नुसता चिकट पदार्थ पडणे, आतड्यांची वर्षानुवर्षांची कुरकुर, अमीबाचा संसर्ग आणि जिवाणूंमुळे होणारा रक्तातिसार, या साऱ्यांना आपण हेच एक नाव देतो. त्यामुळे औषधही एकच असावे, असा समज रुजला आहे. गोळ्यांच्या डब्यात मागच्या वेळची मेट्रोनिडॅझोलची अर्धी पट्टी असते. ती काढून दिली जाते आणि दोन दिवस वाट पाहिली जाते. तिशीतील माणसाला हे दोन दिवस बहुधा निभावून जातात. पंचाहत्तरीच्या माणसाला ते महागात पडू शकतात, म्हणून हा लेख.

रक्ती आवेचे एक प्रमुख कारण म्हणजे शिगेला हा जिवाणू. 1897 साली जपानमध्ये आमांशाची मोठी साथ आली होती. नव्वद हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि पाचांतील एकाहून अधिक दगावले. त्या साथीत कियोशी शिगा या तरुण वैद्यकीय संशोधकाने हा जिवाणू शोधला, आणि पुढे त्याचेच नाव त्याला मिळाले. याचे चार प्रकार असून भारतात फ्लेक्सनेरी आणि सोनेई हे दोन अधिक आढळतात. मेट्रोनिडॅझोल अमीबावर चालते; शिगेलावर तिचा उपयोग नाही.

संसर्गानंतर साधारण एक ते तीन दिवसांत ताप येतो, पोटात मुरडा येतो आणि शौचाची भावना सतत होत राहते. पुष्कळ कुंथूनही चमचाभर रक्तमिश्रित आवेखेरीज काही पडत नाही. वृद्धांमध्ये ताप ठळक असेलच असे नाही. कधी कधी केवळ गळून जाणे, जेवण नको म्हणणे किंवा असंबद्ध बोलणे एवढेच घरच्यांच्या लक्षात येते.

आपल्या पिढीतील अनेकांना शौचाविषयी बोलण्याचा संकोच वाटतो. सूनबाईला कसे सांगायचे, मुलाची झोप कशाला मोडायची, असा विचार करून आजोबा गप्प राहतात. त्याहून घातक गोष्ट अशी की, रात्री वारंवार उठावे लागू नये म्हणून ते पाणी पिणेच कमी करतात. वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावलेली असते. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी ‘बरे वाटते का’ एवढेच विचारून थांबू नये. ‘आज कितीदा जावे लागले, रक्त दिसले का, लघवी शेवटची कधी झाली’ असे सरळ विचारावे. कातडीला चिमटा काढून पाहण्याची खूण या वयात फसवी असते, कारण ती मुळातच सैल झालेली असते. कोरडी जीभ, उभे राहताना येणारी घेरी आणि गडद, थोडी लघवी यांवर अधिक भरवसा ठेवावा.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच मिसळावे. छोटी पाकिटे वेगळ्या मापाची असतात, तेव्हा वरचे वाचून घ्यावे. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. मधुमेही रुग्ण ‘त्यात साखर आहे’ म्हणून ते नाकारतात. लिटरभर पाण्यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असते आणि त्याच्याच आधाराने आतडे मीठ व पाणी शोषून घेते. ते घ्यावे, साखर तपासत राहावे. बाजारातील फळांच्या चवीची गोड पेये हा त्याला पर्याय नव्हे. हृदयविकारामुळे ज्यांना पाण्याचे माप घालून दिले आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पेज, मऊ भात, ताक चालते. उपाशी ठेवू नये.

रक्त पडत असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी देऊ नये; जे बाहेर पडायला हवे, ते तिच्यामुळे आत कोंडले जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके शरीरातील पाणी घटल्यावर मूत्रपिंडांना इजा करू शकतात किंवा अन्य गुंतागुंत निर्माण करू शकतात. यांतील नेहमीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, परंतु त्याच दिवशी सगळ्या चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांना विचारावे. वेदनाशामक मात्र विचारल्याशिवाय देऊच नये. प्रतिजैविक द्यायचे ठरले, तर पहिल्या मात्रेपूर्वी शौचाचा नमुना घेतलेला बरा. हा जिवाणू शरीराबाहेर लवकर मरतो, त्यामुळे नमुना विनाविलंब प्रयोगशाळेत पोचवावा. अनेक जुन्या औषधांना तो आता दाद देत नाही, म्हणून तपासणीला महत्त्व आहे.

शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणूदेखील माणसाला आजारी पाडण्यास पुरतात. रुग्णाचे पॅड बदलणारी आणि पोळ्या लाटणारी व्यक्ती एकच असेल, तर धोका स्वयंपाकघरात पोचतो. शक्य असल्यास कामे वाटून घ्यावीत. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने, नखांखालीही, हात धुवावेत. कमोडची खुर्ची, नळाची तोटी, दाराची कडी हेही विसरू नये. जुलाब थांबल्यावरही काही आठवडे शौचावाटे जिवाणू पडू शकतात, म्हणून ही दक्षता लगेच सोडू नये.

वृद्ध व्यक्तीच्या शौचात रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सहा-आठ तास लघवी नाही, गुंगी आहे, पोट फुगले आहे किंवा ओआरएसही उलटून पडते, असे असल्यास दवाखान्याऐवजी थेट रुग्णालय गाठावे. आणि आजार ओसरल्यावरही रक्त दिसत राहिले, तर ‘जुनी मूळव्याध असेल’ असे घरीच ठरवू नये. या वयात मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच प्रकट होतो. दुर्बिणीतून तपासणी लागेल का, हे पुढच्या भेटीत अवश्य विचारावे.